खेळाडूची नजर आणि मैदानावरचा निर्णय : कबड्डी, खो-खो, क्रिकेट, फुटबॉल खेळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी सरली की रोहा-अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत मैदानं आखली जातात आणि मिरगाचा पाऊस येईपर्यंत स्पर्धा चालू राहतात. या हंगामात खेळाडू, पालक, मार्गदर्शक आणि स्पर्धा भरवणारी मंडळं फिरून फिरून जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रश्न बहुतेक डोळ्यांबद्दल असतात. उत्तरं बऱ्याचदा निघतात ती कुठे बघायचं, कधी बघायचं आणि मैदानावर उजेड कसा आहे याबद्दल.

डोळे तपासले, ६/६ आले. म्हणजे खेळासाठी नजर उत्तम असं समजायचं का?

६/६ याचा अर्थ एवढाच, की निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून जी ओळ वाचता यायला हवी ती तुम्हाला वाचता येते. तक्ता जागचा हलत नाही, पांढऱ्यावर काळी अक्षरं असतात आणि घाईही नसते. मैदानावर यातलं काहीच नसतं. तिथे हलती वस्तू टिपावी लागते, वाळक्या गवतावर मळका पिवळा चेंडू वेगळा ओळखावा लागतो, दोन्ही डोळे मिळून अंतराचा अंदाज घ्यावा लागतो, आणि हे सगळं चालू असताना कडेला कोण हललं तेही कळावं लागतं.

हात पुढे ताणून अंगठ्याच्या नखाकडे बघा. डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतो तो साधारण तेवढाच भाग, दीड-दोन अंशांचा. बाकीचं सारं धूसर असतं. डोळे सेकंदाला तीनेक उड्या मारून चित्र जोडत राहतात, आणि उडी चालू असताना नवीन असं जवळजवळ काही दिसत नाही. कडेच्या नजरेला बारकावे दिसत नाहीत, पण हालचाल ती चटकन पकडते. म्हणून खेळाडूपुढचा खरा पेच हा, की स्पष्ट दिसणारी ती अंगठ्याएवढी जागा कोणत्या क्षणी कुठे ठेवायची.

त्यात वेळेचा हिशेब धरा. दिसल्यापासून अंग हलेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात, तेही काय करायचं ते आधीच ठरलेलं असेल तर. पर्याय वाढले की वेळ वाढतो. सेकंदाला ५ मीटरनं धावणारा गडी ०.२ सेकंदात एक मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे जे दिसलं त्यावर खेळणारा कायम मीटरभर मागे. चांगला खेळाडू पुढे काय होणार ते आधी वाचतो आणि तो मीटर भरून काढतो.

चष्म्याचा नंबर असलेला खेळाडू मागे पडतो का?

थोडा नंबर असल्यानं खेळ लगेच बुडत नाही. फलंदाजांना मुद्दाम नजर धूसर करणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स घालून खेळवण्याचे प्रयोग ऑस्ट्रेलियन संशोधकांनी केले आहेत. बोलिंग मशीनसमोर +१ आणि +२ नंबरच्या लेन्सइतका धूसरपणा फलंदाजांनी पेलला. लक्षणीय घसरण झाली ती +३ ला. वेग वाढवल्यावर मात्र त्याहून कमी धूसरपणातच खेळ ढासळू लागला.

मन्सूर अली खान पतौडींचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. त्याच वर्षाअखेरीस ते पहिली कसोटी खेळले, २१ व्या वर्षी कर्णधार झाले, आणि पुढे इंग्लंडविरुद्ध दिल्लीत नाबाद २०३ धावा केल्या. एका डोळ्यावर माणूस काय करू शकतो हे त्यातून दिसतं. त्यातून ‘नंबर असला तरी चालतं’ असा अर्थ मात्र काढू नका. प्रयोगातला उजेड उत्तम होता. आपल्याकडे रात्री अकरा वाजता चार दिव्यांत सामना चालतो. कमी उजेडात बाहुली मोठी होते आणि तोच नंबर जास्त त्रास देतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच वेगळा असेल तर अंतराचा अंदाज चुकतो, आणि खेळाडूला मात्र वाटत राहतं की आपलं ‘टायमिंग’ गेलं.

चढाई करताना नेमकं कुठे बघायचं?

पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ × १० मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, बोनस रेषा तिच्यापुढे १ मीटर. आता दोन्ही कोपरारक्षक मध्यरेषेपासून साडेचार मीटर आत आणि मधल्या अक्षापासून चार-चार मीटर बाजूला उभे आहेत असं धरा. तुम्ही मधोमध दीड मीटर आत गेलात, तर प्रत्येक कोपरा नाकासमोरच्या दिशेपासून साधारण ५३ अंशांवर असतो. दोघेही कडेच्या नजरेत आरामात मावतात. तुम्ही साडेतीन मीटरपर्यंत गेलात की तेच दोघे ७६ अंशांवर सरकतात, अगदी नजरेच्या काठावर. त्यापुढे अर्धा मीटर गेलात आणि मान जरा डावीकडे वळवलीत, की उजवा कोपरा तुमच्यापुरता मैदानावर नाही.

बहुतेक पकडी इथेच होतात. चढाईपटू ज्याला मारायचा त्याच्यावर नजर रोवतो आणि त्याला धरतो दुसराच.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र करावे लागतात. पहिला, नजर एका गड्याच्या तोंडावर न ठेवता मधल्या दोघांच्या कमरेच्या उंचीवर, त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत ठेवा. कडेची हालचाल तिथून आपोआप टिपली जाते. दुसरा, कोपऱ्याकडे जाताना छाती मैदानाच्या मध्याकडे राहील असं पाऊल टाका. राखीव क्षेत्राकडे, म्हणजे कडेच्या लॉबीकडे, तोंड केलंत की सहा गडी पाठीमागे गेले. तिसरा, प्रत्येक दोन-तीन पावलांमागे एकदा डोकं झटकन दुसऱ्या बाजूला फिरवा. नुसते डोळे फिरवून भागत नाही, डोकंच वळायला हवं.

बोनसचं दुखणं वेगळं आहे. रेषा ओलांडली का हे बघायला चढाईपटू खाली बघतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात हातात हात धरलेल्या बचावपटूंची साखळी आत येते. मध्यरेषेपासून बोनस रेषेपर्यंत आपली किती पावलं पडतात ते सरावात पक्कं करून ठेवा, डोळे मिटूनसुद्धा पाय बरोबर पडला पाहिजे. मॅटवर आणि मातीत पावलाची लांबी बदलते, म्हणून दोन्हीकडे वेगळं मोजा.

आणि पकड करणाऱ्यांनी?

हात आणि डोळे खोटं बोलतात. खांदाही बोलतो. कंबर आणि टेकलेला पाय यांना खोटं बोलणं जड जातं, कारण शरीराचा भार जिकडे तिकडेच माणूस जाणार. रग्बीत बगल देणाऱ्या खेळाडूंच्या चित्रफिती दाखवून केलेल्या प्रयोगांतही हेच दिसलं : नवखे हुलकावणीला फसतात, मुरलेले फार कमी फसतात. कोपऱ्यानं चढाईपटूच्या गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या पट्ट्यावर नजर ठेवावी आणि घोट्यावर झेप घ्यायची ती त्याचा पाय जमिनीवर टेकत असतानाच. हवेतला पाय अजून दिशा बदलू शकतो.

दुसरी गोष्ट बोलण्याची. चढाईपटूच्या तोंडात दम चालू असतो, बचाव करणाऱ्यांना मात्र बोलायची मुभा आहे. ज्याला दिसतंय त्यानं ओरडायचं, एका शब्दात : ‘मागे’, ‘बोनस’, ‘डावा’. दोन शब्द झाले की उशीर झाला.

खो-खोत धावणाऱ्याला आधी कसं कळतं?

खांद्यांवरून. उठलेल्या आक्रमकानं खांद्यांची रेषा एका दिशेला वळवली की नियमानं तो तिकडेच बांधला जातो, माघारी फिरता येत नाही. धावणाऱ्यानं खो देणाऱ्याकडे बघत राहणं ही नवख्यांची चूक. खो ऐकायचा कानानं, डोळे बसलेल्या पुढच्या दोघांच्या खांद्यांवर. बसलेले एकाआड एक उलट दिशेला तोंड करून असतात, त्यामुळे निम्म्यांना तुम्ही दिसत नसता. पाठ असलेला गडी उठला तर तुम्हाला शोधण्यात त्याचा क्षणभर जातो, तो क्षण तुमचा.

‘चेंडू बॅटवर येईपर्यंत बघ’ असं सांगतात. ते जमतं का?

सगळ्यांना नाही, आणि ताशी १४० किलोमीटरच्या चेंडूवर फारच थोड्यांना. २२ यार्डांच्या खेळपट्टीवर तो चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात येतो. टेनिस चेंडू १०० च्या वेगानं आला तरी पाऊण सेकंदाच्या आतच. इंग्लंडमध्ये फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या गेल्या. त्यांचा निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाला, तो असा : फलंदाज चेंडू सुटताना बघतो, मग नजर चेंडूच्या पुढे उडी मारून टप्प्याच्या जागी जाऊन थांबते आणि चेंडूची वाट बघते. ही उडी चांगला फलंदाज लवकर घेतो, कच्चा उशिरा. पुढच्या अभ्यासांत हेही दिसलं की अव्वल फलंदाजाचं डोकं चेंडूसोबत वळतं आणि डोळे पुढची जागा गाठतात.

म्हणून सूचना बदला. ‘चेंडू सुटताना हात बघ, टप्पा बघ, डोकं चेंडूकडे ठेव.’ मुलांना एवढं पुरतं.

आमच्या मैदानावर चेंडू हातातून सुटताना दिसतच नाही. साईट स्क्रीन केवढा हवा?

मागे माडांची बन, त्यात उभ्या केलेल्या मोटारसायकली आणि प्रायोजकांचे फ्लेक्स असतील तर दिसणार कसा? उंचीचा हिशेब सोपा आहे. खेळायला उभ्या फलंदाजाचे डोळे दीड मीटरवर, गोलंदाजाचा हात सव्वादोन मीटरवर, मधलं अंतर १७.७ मीटर. ती रेषा तशीच मागे वाढवा. फलंदाजापासून ३५ मीटरवर ती ३ मीटर उंचीवर पोचते, ५० मीटरवर ३.६ मीटरवर. म्हणजे ५० मीटरवर लावलेला तीन मीटरचा पडदा निरुपयोगी, तिथे चार तरी हवेत. छोट्या मैदानावर साडेतीन पुरे. रुंदी सहा मीटरपेक्षा कमी नको, कारण गोलंदाज यष्टीच्या दोन्ही बाजूंनी टाकतो.

रंग चेंडूच्या उलट : पिवळ्या टेनिस चेंडूला गडद, लाल चेंडूला पांढरा. कापड लावलंत तर खाऱ्या वाऱ्यानं आठवड्यात चिंध्या होतात. आंब्याच्या रोपवाटिकेत वापरतात ती गडद हिरवी शेडनेट दुहेरी करून बांधा, वारा आरपार जातो आणि पिवळा चेंडू उठून दिसतो.

अंडरआर्मची गोष्ट निराळी. तिथे चेंडू कमरेखालून सुटतो, फलंदाजाची नजर खाली उतरते आणि पडद्याऐवजी जमीनच पार्श्वभूमी होते. जांभ्याच्या तांबड्या मातीवर लाल चेंडू घेतलात तर तो दिसेनासा होणारच. पिवळा घ्या, आणि गोलंदाजाची पँट पिवळी नसू द्या. हे हास्यास्पद वाटेल, पण अंडरआर्मच्या स्पर्धेत संघाच्या ड्रेसचा रंग ठरवताना कोणी याचा विचार करत नाही.

संध्याकाळी समुद्राकडून ऊन डोळ्यावर येतं. काय करावं?

किनाऱ्यावर सूर्य थेट पाण्यात उतरतो, आड डोंगर नाही. शेवटच्या तासा-सव्वातासात तो क्षितिजापासून १५ अंशांच्या आत असतो. हात ताणून मूठ धरली की ती साधारण १० अंश, तेव्हा सूर्य दीड मुठीच्या खाली आला की पश्चिमेकडे तोंड करून खेळणाऱ्याचं नुकसान सुरू झालं असं धरा. ओल्या वाळूवरचा आणि पाण्यावरचा परावर्तित उजेड वेगळाच.

खेळपट्टी उत्तर-दक्षिण आखा, हे पहिलं. जागेमुळे पूर्व-पश्चिमच आखावी लागत असेल तर पाच ते सूर्यास्त हा वेळ सोडून सामने लावा किंवा त्या वेळात गोलंदाजी एकाच टोकाकडून ठेवा आणि ते दोन्ही संघांना नाणेफेकीआधी सांगा. कबड्डीत दोन्ही संघ मध्यंतरानंतर बाजू बदलतात, पण सूर्य तोवर खाली गेलेला असतो, त्यामुळे वाटणी सारखी होत नाही. मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवली की हा वाद मिटतो.

टोपीची कड उपयोगी पडते. गॉगल घालायचा तर राखाडी किंवा तपकिरी, पोलराइज्ड असला तर पाण्यावरची चमक कापली जाते. काळाकुट्ट स्वस्त गॉगल नको, सावलीत आलेला चेंडू त्यातून हरवतो.

रात्रीच्या स्पर्धेला किती उजेड लागतो?

फुटबॉलसाठी युरोपात जी मानकं वापरतात त्यांत हौशी खेळाला ७५ लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणारा उजेड मोजायचं एकक), क्लब पातळीला २००, वरच्या स्पर्धांना ५०० धरतात. कबड्डीचं मैदान छोटं असल्यानं २०० गाठणं अवघड नाही. मोबाइलवरचं लक्स मोजणारं अ‍ॅप अचूक नसतं, पण जागोजागची तुलना त्यावर कळते. दर दोन मीटरवर मोजा. सगळ्यात अंधारी जागा सरासरीच्या निम्म्याखाली गेली तर तिथे गडी दिसेल, त्याची हालचाल कळणार नाही. उजेड कमी असण्यापेक्षा ठिगळाठिगळांचा उजेड वाईट.

खांबाची उंची हा दुसरा घोटाळा. खेळाडूनं दिव्याकडे पाहिलं तर दिवा क्षितिजापासून निदान २५ अंश वर असावा. खांब खेळाडूपासून दहा मीटर अंतरावर असेल तर त्यासाठी तो साडेसहा मीटर उंच लागतो. कबड्डीला हे जमतं. क्रिकेटला खांब चाळीस मीटर अंतरावर, म्हणजे वीस मीटरचा खांब हवा, तो गावच्या मंडळाला परवडत नाही. तेव्हा नऊ-दहा मीटरच्या खांबांचा उजेड डोळ्यावर येणार हे मान्य करून खांब खेळपट्टीच्या काटकोनात, दोन्ही बाजूंना रोवा. गोलंदाजाच्या मागे एकही नको.

तिसरा घोटाळा कोणाच्या लक्षात येत नाही. वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मेटल हॅलाइडसारखे दिवे सेकंदाला १०० वेळा मंदावतात आणि उजळतात. सगळे दिवे एकाच फेजवर असतील तर सगळे एकदमच मंदावतात आणि वेगवान चेंडू तुटक तुटक उड्या मारत आल्यासारखा दिसतो. दिवे तिन्ही फेजवर वाटून टाका, वायरमनला हे अर्ध्या तासाचं काम. एलईडी असेल तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दिव्याचा व्हिडिओ काढा. दिवा लुकलुकताना दिसला तर आतला ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा भाग, हलका आहे.

राखीव खेळाडूंना माडाखालच्या अंधारात बसवू नका. डोळ्यांना उजेड बदलला की सरावायला वेळ लागतो, आणि बदली खेळाडू मैदानात येऊन पहिल्या चढाईतच फसतो तो यामुळे. आणि मैदानाच्या कडेला डीजेचे फिरते दिवे असतील तर सामना संपेपर्यंत ते बंद.

उंच उडालेला झेल कुठे पडणार हे कसं ओळखायचं?

ओळखायचं नसतं. क्षेत्ररक्षक चेंडू पडण्याची जागा आधी हेरून तिथे जाऊन उभा राहत नाही. वर चढणारी त्याची नजर एकसारख्या गतीनं चढत राहील इतपत वेगानं तो पुढे-मागे धावतो. नजर चढताना वेग घेऊ लागली तर चेंडू डोक्यावरून जाणार, मागे पळा. मंदावली तर तो पुढे पडणार, पुढे या. मुलांना सांगताना ‘जागा शोध’ म्हणू नका, ‘चेंडूवरची नजर सोडू नकोस, पाय आपोआप जातील’ म्हणा. चेंडू दिव्याच्या झोतात गेला तर जागेवर डोळे बारीक करून काही उपयोग नाही. दोन पावलं बाजूला सरा, चेंडू झोताबाहेर दिसू लागतो.

फुटबॉलमध्ये ‘डोकं वर ठेव’ म्हणतात त्याचा नेमका अर्थ काय?

चेंडू पायात यायच्या आधी खांद्यावरून मागे बघणं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचं हे मोजलं गेलं आहे. त्यात फ्रँक लॅम्पार्ड चेंडू मिळण्याआधी सेकंदाला सुमारे ०.६ वेळा, म्हणजे दहा सेकंदांत सहा वेळा, मान वळवून बघत असे. जे जास्त वेळा बघत त्यांचे पुढे जाणारे पास जास्त यशस्वी होत.

वेळ साधायची असते. चेंडू एकाच्या पायातून दुसऱ्याकडे सरकत असतो तेव्हा मागे बघा, कारण त्या अवधीत त्याची दिशा बदलत नाही. चेंडूला पाय लागायच्या क्षणी नजर परत चेंडूवर. पावसात चिखलातल्या फुटबॉलला हे पाळणं कठीण, तिथे चेंडू मध्येच थबकतो.

मोकळा साथीदार समोर होता, तरी दिसला नाही म्हणतो. खोटं बोलतो का?

बहुधा नाही. १९९९ मधला एक प्रसिद्ध प्रयोग आहे : लोकांना चित्रफितीतले बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितले, आणि मधूनच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती चालत गेली. बघणाऱ्यांतल्या जवळपास निम्म्यांना ती दिसलीच नाही. डोळ्यांवर प्रतिमा पडते, पण लक्ष दुसऱ्या कामात गुंतलेलं असलं की जाणीव होत नाही.

याला जबाबदार बऱ्याचदा मार्गदर्शकच असतो. ‘फक्त त्या सात नंबरकडे बघ’ असं बाहेरून ओरडलं की खेळाडू खरंच फक्त सात नंबरकडे बघतो. सामना चालू असताना सूचना जितक्या कमी तितका मैदानाचा जास्त भाग त्याला दिसतो.

शेवटच्या पाच मिनिटांत चुका का वाढतात?

दम लागणं, घाम आणि दडपण मिळून लक्षाचा परीघ आवळतात. कडेचं दिसणं आधी सुटतं. आपल्याकडची दमट हवा यात भर घालते, घाम वाळत नाही आणि अंग तापतं. टाइम-आउटमध्ये पाणी, मिठाचा घाम पुसायला कोरडा पंचा, आणि एकच सूचना.

डोळ्यांचे व्यायाम, मोबाइलवरची अ‍ॅप, लुकलुकणारे चष्मे : यांनी फायदा होतो का?

पेन्सिल नाकाजवळ आणणं, ठिपके पकडणं असल्या सर्वसाधारण कवायतींनी त्या कवायतीत प्रगती होते, खेळात होते असं २००१ च्या तुलनात्मक अभ्यासात आढळलं नाही. लुकलुकणाऱ्या चष्म्यांचे (ज्यांची काच क्षणाक्षणाला काळी-पारदर्शक होत राहते) निकाल संमिश्र आहेत आणि किंमत मोठी. तिरळेपणा किंवा डोळ्यांच्या जुळणीचा खरा दोष असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम जरूर करा, तो उपचार आहे. बाकी पैसा शेडनेटवर आणि चांगल्या दिव्यांवर घाला.

मग सराव नेमका कसा करायचा?

पावसाळ्यात मैदान बंद असतं तेव्हाही होणारा एक प्रकार : फलंदाजाच्या डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल ठेवून आपल्याच गोलंदाजांचे चेंडू चित्रित करा, गोलंदाजाकडून तीस तरी. चेंडू सुटल्या क्षणी चित्र थांबवा आणि खेळाडूला लिहायला सांगा : आखूड की पुढे, ऑफ की लेग. मग उरलेलं दाखवा. एका वेळी २० तुकडे, आठवड्यातून तीनदा, शाळेच्या पडवीत सहज होतं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्रश्नाची निम्मी उत्तरं बरोबर येतील, म्हणजे नाणेफेकच. आकडा वर सरकू लागला की चित्र आणखी आधी थांबवा, हात डोक्यावर येतानाच. नेहमीची चूक ही, की तेच तुकडे फिरून दाखवतात आणि पोरं उत्तरं पाठ करतात. दर पंधरवड्याला नवे घ्या.

कबड्डीत असंच, लाथ मारायच्या आधी थांबवून ‘डावा पाय की उजवा’.

मैदानावर चढाईपटूसाठी : दोन मदतनीस दोन्ही कोपऱ्यांबाहेर लाल आणि निळं फडकं घेऊन उभे करा. चढाई चालू असताना त्यांच्यातला एक जण अर्धा सेकंद फडकं वर करतो. दम चालू असल्यानं चढाईपटूला बोलता येत नाही, म्हणून त्यानं त्या बाजूचा हात उचलून दाखवायचा. दहा चढायांत सात बरोबर आल्या तर फडक्याचा वेळ कमी करा. दम तुटला तर चढाई बाद, तो नियम इथेही.

फुटबॉलला चौघे पास देणारे आणि मध्ये चेंडू हिसकावणारे दोघे, दहा मीटरच्या चौकोनात. पास घेणाऱ्याच्या पाठीमागे एक जण बोटं दाखवतो, चेंडू पायाला लागायच्या आत आकडा ओरडायचा.

कबड्डी खेळणाऱ्यानं चष्म्याऐवजी काय वापरावं?

चष्मा घालून कबड्डी खेळता येत नाही, धोका स्वतःला आणि समोरच्यालाही. रोज टाकून द्यायच्या कॉन्टॅक्ट लेन्स सगळ्यात सोयीच्या. तांबड्या धुळीत महिनाभराच्या लेन्सवर कण बसतात आणि डोळा लाल होतो. हात साबणानं धुऊन, पूर्ण कोरडे करून घाला. एक जादा जोडी बाकावर असू द्या, कारण एकाच डोळ्याची पडली तर खेळ दोन्ही नसल्यापेक्षा वाईट होतो. सामना संपल्यावर विहिरीवर, तळीत किंवा समुद्रात उतरायचं असेल तर आधी लेन्स काढा, त्या पाण्यातल्या जंतूंनी बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

क्रिकेट आणि फुटबॉलला पॉलिकार्बोनेट काचांचा, मागे पट्टा असलेला खेळाचा चष्मा चालतो.

ऑपरेशन करायचं तर वय १८ च्या पुढे आणि नंबर वर्षभर स्थिर हवा. डॉक्टरांना आपला खेळ कोणता ते आवर्जून सांगा. लॅसिकमध्ये बुबुळावर पातळ झाकण कापलं जातं आणि डोळ्यात बोट गेलं तर ते सरकू शकतं. कबड्डीपटूसाठी झाकण न कापता करायच्या पद्धतीबद्दल विचारा. त्यात बरं व्हायला जास्त दिवस लागतात, म्हणून जूनमध्ये करा.

संघात कोणाला लाल-हिरवा फरक कळत नसेल तर?

हे मुलींपेक्षा मुलांत बरंच जास्त आढळतं आणि बऱ्याच मुलांना आपल्यात ते आहे हे माहीतच नसतं. लाल आणि हिरव्या बनियनमध्ये सराव सामना लावला की तो चुकीच्या गड्याला पास देतो आणि बोलणी खातो. निळा आणि पिवळा वापरा, प्रश्न संपला.

मुलांची तपासणी कधी आणि कुठे करावी?

हंगामाआधी, ऑक्टोबरात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळा-अंगणवाड्यांत येतं तेव्हा नजरही तपासतं, नाहीतर तालुक्याचं सरकारी रुग्णालय आहे. प्रत्येक डोळा वेगळा झाकून तपासा, खोलीचा अंदाज आणि रंग बघायला सांगा. बोटीवर किंवा शेतात उन्हात काम करणाऱ्या खेळाडूंच्या डोळ्यावर नाकाकडून मांस वाढतं, ते बुबुळावर सरकू लागलं तर दाखवून घ्या.

मैदान आखताना किंवा पकडीत फक्की डोळ्यात गेली तर?

ती चुन्याची असेल तर धावपळ करायची वेळ आहे. चुना बुबुळ जाळत आत जातो. डोळा चोळू देऊ नका. सुके कण स्वच्छ कापडानं बाहेरून झटका, लेन्स असेल तर काढा, लगेच स्वच्छ पाण्याची धार धरून पापण्या उघड्या ठेवून किमान वीस मिनिटं सलग धुवा, आणि मग नेत्रतज्ज्ञाकडे. रुग्णालय लांब आहे म्हणून आधी गाडी शोधत बसू नका, धुणं पहिलं. दूध, तूप, गुलाबपाणी काही घालायचं नाही. आखणीला चुन्याऐवजी खडूची भुकटी किंवा रुंद पांढरी फीत घ्या. खर्चात फार फरक पडत नाही.

चेंडू किंवा बोट लागून दोन-दोन दिसायला लागलं, चमकणाऱ्या रेघा दिसल्या, डोळ्याच्या रंगीत भागासमोर रक्त साकळलेलं दिसलं किंवा नजर धूसर झाली, तर तो सामना त्याच्यापुरता संपला. डोळ्यावर दाब न देता कागदी कपाचं बूड झाकणासारखं टेकवून पट्टी लावा, मान उंच ठेवून न्या, आणि ऑपरेशन लागू शकतं म्हणून वाटेत काही खायला देऊ नका.